विहीर खोदण्यापूर्वी शेजाऱ्यांचे ऐका

आपल्या उस्मानपुऱ्याखाली काळा बेसाल्ट आहे. येथे तेलविहीर नाही. तरीही आम्ही हा विषय विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. मुंबई हायचा वायू उरणला किनाऱ्यावर येतो. तेथील ओएनजीसीच्या प्रकल्पात ३ सप्टेंबर २०१९ रोजी आग लागून चौघे मृत्युमुखी पडले. आसामात बाघजानची उत्पादन-विहीर २७ मे २०२० रोजी उसळली, ९ जूनला पेटली; हजारो ग्रामस्थांना मदत छावण्यांत जावे लागले. शोधविहिरीतही असा उद्रेक होऊ शकतो. परंतु १६ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने अशा विहिरींना जनसुनावणीतून वगळले. धोका ज्यांच्या दारी, त्यांचे म्हणणे आधी ऐकणे हा उपकार नव्हे, नागरिकांचा हक्क आहे. सरकारी सूचना वाचून लेखी हरकत घेणारा विद्यार्थी घडविणे, हे आम्ही आमच्या निवासी शाळेचे कर्तव्य मानतो.