दरपत्रक एक, प्रती अनेक

घाऊक व्यापाऱ्याचे दरपत्रक एका जागी राहत नाही. एक प्रत दुकानात, एक गोदामात, एक फिरत्या विक्रेत्याच्या हाती. एका प्रतीत जुना भाव राहिला तरी गिऱ्हाइकाशी वाद ठरलेला. पावती पुस्तकात कार्बन घालतात तो याचसाठी. संगणकावर हे काम कसे करावे, ते आज आम्ही पाहू.

मालाची यादी एक्सएमएलमध्ये असेल, तर तिचे दरपत्रक एक्सएसएलटी या भाषेने बनवता येते. १९९९ साली आलेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत एका वेळी एकच फाइल निघे. २००७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीने 'रिझल्ट-डॉक्युमेंट' ही सूचना दिली. तिच्या 'एचरेफ'मध्ये नाव लिहिले की मजकूर त्या नावाच्या फाइलमध्ये जातो.

नवशिके तीन फाइलींसाठी तीच मांडणी तीनदा लिहितात. पुढे कराचा दर बदलतो, दुरुस्ती दोन ठिकाणी होते आणि तिसरी राहून जाते. बरोबर रीत अशी:

१. दरपत्रक एकदाच तयार करून 'व्हेरिएबल'मध्ये ठेवावे.

२. 'फॉर-ईच'ने फाइलींची नावे एकेक करून घ्यावीत.

३. प्रत्येक नावासाठी 'रिझल्ट-डॉक्युमेंट' लिहून त्यात 'कॉपी-ऑफ'ने तेच व्हेरिएबल उतरवावे.

क्रम बदलू नये. 'फॉर-ईच'च्या आत गेल्यावर संगणकासमोर फाइलचे नाव असते, मालाची यादी नसते. म्हणून दरपत्रक आधीच तयार हवे.

तीन गोष्टी सांभाळाव्यात. 'एचरेफ'मध्ये बदलते नाव महिरपी कंसात लिहावे. कंस विसरला तर सर्व प्रतींना एकच नाव मिळते, आणि एकाच नावाने दोनदा लिहिणे ही चूक धरली जाते. व्हेरिएबल तयार होत असताना त्याच्या आत 'रिझल्ट-डॉक्युमेंट' चालत नाही. लिहिलेली फाइल त्याच फेरीत पुन्हा वाचायलाही घेऊ नये.

यासाठी सॅक्सन हा प्रोसेसर घ्यावा. त्याची होम आवृत्ती विनामूल्य मिळते. एक्सएसएलटीप्रॉक मात्र पहिलीच आवृत्ती जाणतो. त्यावर 'ईएक्सएसएल:डॉक्युमेंट' ही जोडसूचना वापरावी लागते.

हिशेबाच्या कामाला लागलेल्या आमच्या तरुण वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे: भाव एकाच जागी मांडावा, प्रती मग हव्या तितक्या काढाव्यात.