खेळाची खोली
(द्वितीय वर्ष, कला)

समाजशास्त्राच्या तासाला यंदा आम्हा प्रत्येकाला एकेका सामाजिक संस्थेचा अभ्यास करून टिपण लिहायचे होते. कुणी पतपेढी घेतली, कुणी बचतगट, कुणी सार्वजनिक वाचनालय. 'हॉस्पिस' हा विषय मात्र कुणी घेईना, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. वाचता वाचता एका ठिकाणी मी अडले. इंग्लंडमधील मुलांच्या हॉस्पिसमध्ये देणगीतून चित्रपट, संगीत आणि संगणकीय खेळ यांसाठी स्वतंत्र खोली उभारतात, असे त्यात होते. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ज्या मुलांचा आजार बरा होणारच नाही, त्यांना खेळाची खोली कशाला? तेवढ्या पैशांत औषधे आली असती.

घरी मी हे बोलून दाखवले. माझी आई शाळेत गेलेली नाही. भाकरी थापता थापता ती एवढेच म्हणाली, "मावशीचं पोरगं खेळायचं थांबलं होतं का?"

मी गप्प झाले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा एक प्रयत्न आहे.

हॉस्पिस म्हणजे काय?

रोग हटत नाही असे दिसल्यावर रोग्याचा त्रास कमी करणे, त्याला आणि त्याच्या घरच्यांना आधार देणे, या कामाला उपशामक शुश्रूषा म्हणतात. ती ज्या घरात केली जाते ते हॉस्पिस. आधुनिक हॉस्पिसच्या चळवळीचा आरंभ डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडन येथे स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानला जातो. मुलांसाठीचे जगातील पहिले हॉस्पिस त्यानंतर पंधरा वर्षांनी निघाले. सिस्टर फ्रान्सिस डोमिनिका या जोगिणीची मेंदूच्या विकाराने अंथरुणाला खिळलेल्या हेलन नावाच्या लहान मुलीशी आणि तिच्या आईवडिलांशी मैत्री झाली. मुलीला अधूनमधून त्या आपल्याकडे ठेवून घेत, म्हणजे आईवडिलांना विसावा मिळे. त्या अनुभवातून ऑक्सफर्ड येथे १९८२ च्या नोव्हेंबरात 'हेलन हाउस' उघडले. एका वेळी आठ मुले राहू शकतील एवढेच ते घर होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो माझाही होता. मुलांचे हॉस्पिस म्हणजे केवळ शेवटचे दिवस काढण्याची जागा नव्हे. स्नायूंचे, मेंदूचे, चयापचयाचे काही आजार असे असतात की मूल त्यांच्यासह कित्येक वर्षे जगते. अशी मुले वर्षातून काही दिवस येथे मुक्कामाला येतात, सोबत भावंडे येतात, आईवडील रात्रभर झोपतात, आणि मग सारे घरी परत जातात. साहजिकच ही मुले त्या घरात जगायला येतात; आणि मूल जगते म्हणजे मुख्यतः खेळते.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली संमत केलेल्या बालहक्कांच्या संहितेतील एकतिसाव्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नमूद आहे. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली. त्या कलमात 'निरोगी मुलाचा' असे म्हटलेले नाही.

कॅरम आणि मोबाइल

माझ्या मावसभावाला डुशेन या नावाचा स्नायूंचा आजार होता. हा आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो. स्नायूंना टिकवून धरणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन त्यांच्या शरीरात तयार होत नाही. आधी पायांचे बळ जाते, मग खांद्यांचे आणि हातांचे, पुढे श्वासाचे व हृदयाचे. बोटांची हालचाल मात्र बराच काळ शिल्लक राहते. आमच्या भावाचे नेमके असेच झाले. अकराव्या वर्षी त्याचे चालणे थांबले.

आम्ही कॅरम खेळायचो. पुढे पुढे त्याचा स्ट्रायकर निम्म्या पाटापर्यंतही जाईना. मग मी मुद्दाम चुकीचे मारून त्याला जिंकू देऊ लागले. तीनचार डाव त्याने चालवून घेतले, आणि एके दिवशी सोंगट्या हाताने विस्कटून तो म्हणाला, "तायडे, खोटं जिंकवू नकोस. मला कळतं." त्यानंतर त्याने कॅरम मागितला नाही.

काही महिन्यांनी मावशीने काकांचा जुना मोबाइल त्याच्या मांडीवर उशीला टेकवून दिला. त्यात लुडो होता, मोटारींची शर्यत होती. त्याला लागत होता फक्त अंगठा. त्या शर्यतीत त्याने मला, माझ्या भावाला आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांना हरवले, आणि खरोखर हरवले. तो किती हसला होता हे आजही डोळ्यांपुढे आहे. त्या यंत्रापुढे त्याची कुणी कीव करीत नव्हते. कुठल्या वळणावर कसे वळायचे हे तो ठरवीत होता. दिवसभरात बाकी सारे, कधी उठायचे, कुठल्या कुशीवर झोपायचे, काय गिळायचे, हे दुसरेच ठरवीत.

खेळाच्या खोलीचे खरे प्रयोजन मला येथे सापडले. ती वेळ घालवण्याची जागा नव्हे. ज्याच्या हातून एकेक निर्णय सुटत चालला आहे अशा मुलाला निर्णय परत देण्याची ती जागा आहे.

दान आणि कुलूप

आता दानाविषयी. मी सातवीत असताना आमच्या शाळेला एक संगणक देणगी मिळाला. नारळ फुटला, हार घातला गेला, दात्याचे नाव भिंतीवर रंगवले. शिक्षकांपैकी कुणाला तो चालवता येत नव्हता, आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार ही भीती होती. म्हणून त्यावर कापडी खोळ चढली आणि खोलीला कुलूप लागले. दहावी होईपर्यंत मी त्या संगणकाचा पडदा उजळलेला पाहिला नाही. यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. देणारा देऊन मोकळा झाला आणि घेणारा घाबरला, एवढेच.

या दृष्टीने दोन उदाहरणे मला शिकण्यासारखी वाटली. अमेरिकेत 'पेनी आर्केड' या चित्रमालिकेच्या दोन लेखकांनी २००३ साली 'चाइल्ड्स प्ले' ही संस्था काढली. संगणकीय खेळांच्या शौकिनांकडून मदत गोळा करून ती मुलांच्या रुग्णालयांना देते. तिची पद्धत अशी की रुग्णालय आपल्याला काय हवे याची यादी करते आणि देणारा त्या यादीतली वस्तू विकत घेऊन पाठवतो. म्हणजे काय द्यायचे हे देणारा ठरवीत नाही. दुसरे उदाहरण ब्रिटनमधील 'लाइफलाइट्स' या संस्थेचे. १९९९ साली सुरू झालेली ही संस्था मुलांच्या हॉस्पिसना यंत्रे तर देतेच, पण ती बसवून देते, तेथील सेविकांना शिकवते आणि पुढे दुरुस्तही ठेवते. आमच्या शाळेच्या दानात नेमक्या या तीन गोष्टी राहून गेल्या होत्या.

खोली कशी असावी?

वाचनातून आणि विचारातून माझ्यासमोर जी खोली उभी राहिली तिचे वर्णन थोडक्यात करते.

पहिली गोष्ट जागेची. चाकाची खुर्ची जागच्या जागी वळण्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, आणि दार निदान ९० सेंटीमीटर रुंद हवे. काही मुले पलंगासकट येतात, तेव्हा त्याहूनही रुंद. पडदा हलत्या दांड्यावर असावा, कारण आडव्या पडलेल्या मुलाला समोरची भिंत दिसत नाही, छत दिसते. श्वासाची यंत्रे खोलीतही चालू राहिली पाहिजेत, म्हणून विजेची बटणे भरपूर आणि वीज गेल्यास पर्यायी सोय हवी. प्रकाश कमी-जास्त करता यावा. फिट येणाऱ्या काही मुलांना लखलखत्या दृश्यांनी झटका येऊ शकतो. एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारे दृश्य टाळावे असा सर्वमान्य दंडक आहे, तेव्हा खेळांची निवड डॉक्टरांना विचारून करावी. प्रत्येक वस्तू पुसता येण्याजोगी हवी, कारण या मुलांना साधी सर्दीही महागात पडते.

दुसरी गोष्ट हाताची. बाजारात मिळणारे खेळाचे नियंत्रक दोन निरोगी हात आणि दहा बोटे गृहीत धरून बनवलेले असतात. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर' बाजारात आणला. त्यावर दोन मोठी गोल बटणे आहेत आणि मागच्या बाजूला एकोणीस छिद्रे. प्रत्येक छिद्रात निराळे बटण जोडता येते. एक गुडघ्याजवळ ठेवा, एक गालाजवळ, एक पायाच्या अंगठ्याखाली. जो अवयव हलतो तोच खेळतो. तो तयार करताना अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा सल्ला घेतला होता. त्यांतील एक ब्रिटनमधील 'स्पेशल इफेक्ट' ही संस्था. त्याचे खोकेही असे केले आहे की फासात हात अडकवून ओढले तरी उघडावे.

बोटही हलत नसेल तर? तर डोळे. पडद्याखाली बसवलेले यंत्र डोळ्यांवर अदृश्य अवरक्त प्रकाश टाकते, बुबुळावरून परतलेल्या प्रकाशाचे चित्र टिपते आणि मूल कुठे पाहते आहे ते ताडते. एका जागी क्षणभर नजर रोखली की बटण दाबल्यासारखे होते. 'स्पेशल इफेक्ट'ने २०१७ साली 'आयमाइन' नावाची विनामूल्य आज्ञावली काढली. तिच्यामुळे 'माइनक्राफ्ट' या खेळात नुसत्या नजरेने विटा रचून घर बांधता येते.

ज्यांना खेळाचे नियमच कळत नाहीत, किंवा दिसत-ऐकू येत नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठीही उपाय आहेत. जमिनीवर वा पांघरुणावर पानांचे चित्र पाडतात, मुलाने हात हलवला की चित्रातली पाने उडतात. 'साउंडबीम' नावाचे यंत्र अंगाच्या हालचालीचे सूर करते. ध्वनीची कंपने उशीतून अंगाला जाणवतात. थोडक्यात, 'मी काहीतरी केले आणि जग हलले' हा अनुभव प्रत्येकाला मिळाला पाहिजे.

तिसरी गोष्ट माणसाची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्र मुलाला जुळवून देणारी, धीर धरून तासभर बटणाची जागा बदलत राहणारी एक व्यक्ती रोज तेथे हवी. ती नसेल तर कुलूप लागायला वेळ लागत नाही.

आक्षेप

पडद्यापुढे मूल एकलकोंडे होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही, म्हणून खोलीत दोघांनी, चौघांनी खेळायचे खेळ हवेत आणि भावंडांना मज्जाव नसावा. परंतु नॉर्वेतील माट्स स्टेन या तरुणाची हकिगत येथे आठवते. त्यालाही डुशेनच होता. २०१४ साली पंचविसाव्या वर्षी तो वारला. मुलाला मित्र नव्हते, त्याचे आयुष्य खेळात वाया गेले, असे आईवडिलांना वाटत होते. त्यांनी त्याच्या मृत्यूची वार्ता त्याच्या संगणकावरील दैनंदिनीत लिहिली, आणि युरोपातल्या निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात तो आयबेलिन नावाने वावरत होता, आणि तेथे त्याने कित्येकांना अडचणीत आधार दिला होता. त्याच्यावरचा माहितीपट २०२४ साली प्रदर्शित झाला.

आपल्याकडे

भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. मुलांच्या उपशामक शुश्रूषेचे काम त्यामानाने नवे आहे आणि शहरांपलीकडे थोडेच पोहोचले आहे. माझ्या मावशीसारख्यांचे घर हेच हॉस्पिस असते आणि तीच परिचारिका. तेव्हा मोठी खोली आज शक्य नसेल, तर एक पडदा, तो उशाशी धरून ठेवणारा दांडा, एक मोठे बटण आणि आठवड्यातून दोनदा येणारे एक शिकलेले माणूस, एवढ्यावर आरंभ करता येईल. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना राष्ट्रीय सेवा योजनेतून यातले शेवटचे काम खात्रीने जमेल. मात्र जाताना यादी आपण करू नये. मुलाला विचारावे, तुला काय खेळायचे आहे?

एक लहानसा नियम मी माझ्या पदरचा जोडते. अशा खोलीतील यंत्रांत प्रत्येक मुलाचा अर्धा राहिलेला डाव त्याच्या नावाने साठवलेला असतो. मूल गेल्यावर जागा मोकळी करण्यासाठी तो डाव पुसू नये. आधी घरच्यांना विचारावे.

माझा भाऊ सोळाव्या वर्षी छातीत कफ होऊन गेला. तो मोबाइल आता फारसा चालत नाही, बॅटरी फुगली आहे. काकांनी दोनदा मोडीत काढायचा म्हटला. मावशीने दिला नाही. तिला वाचता येत नाही, पण शर्यतीच्या यादीत सगळ्यांत वरचे नाव कुणाचे आहे ते तिला ठाऊक आहे.