मुलगी स्टॉपरला खेळते, पुढे काय?

शाळेच्या फुटबॉल संघात स्टॉपरला खेळणारी मुलगी दहावीत गेली की बहुतेक घरांत तिचे बूट माळ्यावर जातात. पालकांचं म्हणणं सरळ असतं: गोल मारणारीचं नाव निदान पेपरात छापून येतं, मागे उभं राहून चेंडू अडवणारीला कोण विचारतं? आणि त्यावर पोट भरतं का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पहिल्याचं उत्तर म्हणजे लोइतोंगबम आशालता देवी. इम्फाळची ही बचावपटू अनेक वर्षं भारताची कर्णधार होती. 2018-19 ची देशातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू तीच. ऑक्टोबर 2024 मध्ये काठमांडूत दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध उतरली आणि शंभर आंतरराष्ट्रीय सामने खेळणारी पहिली भारतीय महिला ठरली. तेव्हा तिचं वय होतं 31. परदेशात बघायचं तर इंग्लंडची राइट बॅक ल्युसी ब्रॉन्झ 2020 मध्ये फिफाची सर्वोत्तम महिला खेळाडू झाली.

काम काय असतं?

समोरची खेळाडू चेंडू घेऊन अंगावर आली की कच्ची मुलगी घाईने पाय टाकते आणि चकते. तयार बचावपटू अंग तिरकं ठेवते, मागे सरकत तिला खोळंबवते, गोलकडची वाट अडवून टचलाइनकडे ढकलते आणि चेंडू तिच्या पायापासून जरा लांब गेला की मगच टॅकल करते. हे चालू असताना मान वळवून पाठीमागून कोण धावतंय ते बघायचं, सगळी ओळ एकदम पुढे काढून ऑफसाइड लावायचा आणि शेजारणीला ओरडून सांगत राहायचं. म्हणून अबोल मुलीला इथे बोलतं करावं लागतं. चेंडू मिळाला की लांब भिरकावून देण्याचे दिवसही गेले. चढाईचा पहिला पास मागूनच निघतो, तेव्हा दोन्ही पाय चालायला हवेत. या जागेवर वेगाइतकाच अंदाज लागतो आणि तो सामने खेळूनच येतो. सोळाव्या वर्षी मागे पडलेली मुलगी बाविसाव्या वर्षी पुढे निघू शकते, ती याचमुळे.

वाट कुठून जाते?

शालेय स्पर्धा, सुब्रतो कप, खेलो इंडियाची अस्मिता लीग, मग राज्याचा सब-ज्युनिअर आणि ज्युनिअर संघ, पुढे क्लब आणि इंडियन विमेन्स लीग असा हा रस्ता आहे. खेळाडूची नोंदणी भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत क्लब किंवा अकादमीमार्फत होते. ती झाली आहे ना, हे पालकांनी स्वतः बघावं. निवड चाचणीत बचावपटूचं एक नुकसान असतं: तिच्या नावावर गोल नसतात आणि दहा मिनिटांच्या खेळात तिचं काम नजरेत भरत नाही. त्यावर उपाय म्हणजे पूर्ण सामन्याचं चित्रीकरण. स्टँडच्या वरच्या पायरीवरून मोबाइलने घेतलेलं चालेल, फक्त त्यात चेंडू लांब असताना ती कुठे उभी आहे हे दिसायला हवं.

पैसा

इंडियन विमेन्स लीगमधल्या क्लबांनी किमान 10 भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान 3 लाख 20 हजार रुपयांचा करार करावा, असं महासंघाने 2023 मध्ये ठरवलं. म्हणजे महिन्याला सव्वीस-सत्तावीस हजार. नावाजलेल्या मुलींना जास्त मिळतात, पण वरच्या लीगमध्ये संघ मोजकेच. अनिश्चितताही आहे. ऑगस्ट 2022 मध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं तेव्हा गोकुळम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता. त्या मुलींना एकही सामना न खेळता परतावं लागलं.

निव्वळ क्लबच्या पैशावर आयुष्य काढणाऱ्या मुली आज थोड्याच आहेत, हे मान्य करूनच पुढे जावं. खरा आधार नोकरीचा. रेल्वे, सशस्त्र सीमा बल, पोलिस यांचे महिला संघ आहेत. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, मात्र प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र जन्मदाखल्याइतकं जपून ठेवा आणि स्पर्धा मान्यताप्राप्त होती का, हे खेळण्याआधीच विचारून घ्या.

शिक्षण सोडू नका

बचावपटू डालिमा छिब्बर भारताकडून खेळली आणि कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात शिकत तिथल्या संघाकडूनही खेळली. गोलरक्षक अदिती चौहानने इंग्लंडमध्ये लफबरोला क्रीडा व्यवस्थापनाचं शिक्षण घेता घेता वेस्ट हॅमची जर्सी घातली. ब्रॉन्झनेही विद्यापीठाचं शिक्षण घेतलं आणि उमेदीच्या काळात पिझ्झाच्या दुकानात कामही केलं. परदेशी विद्यापीठांत खेळाडूंना शिष्यवृत्ती मिळते, पण तिथे आधी गुण आणि इंग्रजी बघतात.

गुडघा सांभाळा

मुलींमध्ये गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. तो फाटला की बहुधा शस्त्रक्रिया आणि नऊ-दहा महिने मैदानाबाहेर. 'फिफा इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप अशा दुखापती टाळण्यासाठी तयार केलेला आहे आणि तो फुकट मिळतो. मुलीचा प्रशिक्षक तो करून घेतो का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

लग्न, मूल आणि त्यानंतर

हा प्रश्न घरोघरी मनात असतो, म्हणून स्पष्टच लिहितो. फिफाच्या 2021 पासूनच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूला किमान 14 आठवडे प्रसूती रजा आणि त्या काळात पगाराचा किमान दोन तृतीयांश भाग मिळायला हवा. खेळणं थांबलं तरी प्रशिक्षण, पंचगिरी, फिजिओथेरपी, सामन्यांचं विश्लेषण अशी कामं आहेत. गडहिंग्लजजवळच्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकर यांनी आशियाई महासंघाचं 'ए' लायसन्स मिळवलं आणि भारतीय महासंघाच्या ग्रासरूट विभागाचं प्रमुखपद सांभाळलं. खेड्यातून तिथवर जाता येतं.

अकादमी निवडताना

फीच्या आधी सुरक्षितता बघा. 2022 मध्ये भारताच्या 17 वर्षांखालील मुलींच्या संघाच्या परदेश दौऱ्यात लैंगिक गैरवर्तनाच्या प्रकरणात सहायक प्रशिक्षकाला काढून टाकावं लागलं होतं. बाहेरगावी जाताना सोबत महिला कर्मचारी असते का? तक्रार कुणाकडे करायची? उत्तर गुळमुळीत मिळालं तर दुसरी अकादमी शोधा.

जुलै 2025 मध्ये भारताच्या वरिष्ठ महिला संघाने चियांग माईत थायलंडला 2-1 असं हरवलं आणि पात्रता फेरीतून आशियाई चषकात पहिल्यांदा जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, पण मागची फळी ढासळली असती तर ते वाया गेले असते.

तेव्हा बूट माळ्यावर टाकण्याची घाई नको. बारावीपर्यंत खेळ आणि अभ्यास जोडीने चालू द्या. राज्याच्या संघात निवड, नोकरीला उपयोगी पडतील अशी प्रमाणपत्रं आणि पदवीला प्रवेश या तीन गोष्टी अठरा-एकोणिसाव्या वर्षी समोर ठेवा आणि मुलीला सोबत बसवून निर्णय घ्या. त्यातल्या दोन जमल्या असतील तर आणखी तीन-चार वर्षं तिला जरूर खेळू द्यावं.