फिल्टर खोलायच्या आधी दाब सोडा : माल वाहणाऱ्या गाडीसाठी सुरक्षेचा धडा



दर आठवड्याला या संदेशात पिकाचं बोलतो. आज पिकाचं नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीचं बोलायचं आहे. कारण सांगते.

गेल्या आठवड्यात आपल्या एका सभासदाची पेट्रोल व्हॅन पहाटे टोमॅटो घेऊन नारायणगावला निघाली आणि चढावर धक्के देऊन बंद पडली. गाडी चालवणाऱ्या मुलाला फिल्टर चोंदल्याचा संशय आला. नवा फिल्टर गाडीतच होता. गाडी बाजूला घेऊन त्याने लगेच पाईपची क्लिप काढली. पेट्रोलची चिळकांडी थेट तोंडावर आणि डोळ्यात गेली. बरोबरच्या माणसाने पाण्याच्या कॅनने डोळे धुतले, मग दवाखान्यात नेलं. डोळा वाचला. सायलेन्सर गरम होता, तरी भडका उडाला नाही हे नशीब. मी त्याला विचारलं, "गाडी बंद केली नव्हतीस का?" तो म्हणाला, "ताई, बंद होती. चावी माझ्या खिशात होती."

त्याचं खोटं नव्हतं. गाडी बंदच होती, पण लाईनमधला दाब तसाच होता. आजच्या धड्याचं सार एवढंच आहे : इंजिन बंद झालं म्हणून दाब संपत नाही. तो आपल्याला सोडावा लागतो.

तुम्हाला हे आधीच माहीत आहे

ठिबकचा डिस्क फिल्टर धुताना आपण काय करतो? मोटर बंद, व्हॉल्व्ह बंद, घड्याळाचा काटा शून्यावर आला का ते बघतो, मगच झाकण खोलतो. काटा दीड किलोवर असताना कोणी क्लॅम्प काढत नाही. फवारणी पंपाचंही तसंच, गनमधून दाब सोडल्याशिवाय नोझल खोलत नाही. गाडीत फरक दोनच. तिथे आपल्याला दिसेल असं घड्याळ नसतं, आणि आत पाणी नसतं, पेट्रोल असतं.

दाब राहतो कशामुळे?

इंजेक्टरवर चालणाऱ्या पेट्रोल गाडीत टाकीच्या आत विजेवरचा पंप असतो. तो साधारण 3 ते 4 किलो दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. गाडी पुढच्या वेळी पटकन सुरू व्हावी म्हणून पंपात उलट न फिरू देणारा व्हॉल्व्ह दिलेला असतो. तो बंद गाडीतही दाब धरून ठेवतो, कधी कधी कित्येक तास. म्हणजे रात्री उभी केलेली गाडी सकाळी खोलली तरी पेट्रोल उडू शकतं.

त्यात पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून न जाता खाली खड्ड्यात, शेडच्या कोपऱ्यात साचते. लांबच्या विडीने, मोटारीच्या स्टार्टरच्या ठिणगीने ती पेटू शकते. थंडीच्या पहाटेसुद्धा पेटते.

आधी एवढं तपासा

1. फिल्टर आहे कुठे ते मॅन्युअलमध्ये बघा. काही गाड्यांत तो खाली चॅसीला असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत टाकीच्या आत पंपासोबतच असतो. टाकीतला असेल तर घरी हात घालू नका, ते गॅरेजचंच काम.

2. जागा उघडी, सपाट हवी. पॅकहाऊस, कांदाचाळ, कडब्याची गंजी, गोठा यांच्याजवळ नको. चूल, विडी, वेल्डिंग, चालू मोटर दूर. वायरचा बल्ब घेऊन गाडीखाली जाऊ नका, तो फुटला की संपलं. काम दिवसाउजेडी करा.

3. पावडरचा अग्निशामक किंवा निदान दोन घमेली कोरडी माती हाताशी ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारायचं नाही, पाण्यावर तरंगत आग पसरते.

4. डोळ्यावर फवारणीचा गॉगल, हातात रबरी मोजे. फवारणीच्या किटमधले चालतील, फक्त धुतलेले हवेत.

5. टाकी अर्ध्याहून कमी असताना काम करा. भरलेल्या टाकीतून पाईप मोकळा झाल्यावर पेट्रोल वाहतच राहू शकतं.

6. गाडी उचलायची असेल तर नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. खाली पक्का स्टँड, चाकाला दगड, हँडब्रेक ओढलेला.

दाब सोडायची रीत (पेट्रोल गाडी)

पायरी 1 : टाकीचं झाकण सैल करा. टाकीत साठलेली वाफ निघून जाते. काम होईपर्यंत झाकण सैलच राहू द्या.

पायरी 2 : पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर बहुतेक गाड्यांत नकाशा असतो. नक्की कोणता ते कळत नसेल तर अंदाजाने काढू नका, मेकॅनिकला विचारा.

पायरी 3 : गाडी सुरू करा आणि तशीच चालू ठेवा. पंप बंद असल्यामुळे इंजिन लाईनमधलंच पेट्रोल ओढतं आणि थोड्या वेळात आपोआप बंद पडतं.

पायरी 4 : बंद पडल्यावर दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. असं दोनदा करा. उरलासुरला दाबही उतरतो.

पायरी 5 : चावी काढा. बॅटरीची मायनसची वायर काढून बाजूला बांधा, म्हणजे ठिणगीचा प्रश्न नाही.

पायरी 6 : इंजिन आणि सायलेन्सर गार होऊ द्या. हाताला चटका लागत असेल तर अजून थांबा. गडबड इथेच होते, कारण मार्केटची वेळ टळत असते. पण माल एक दिवस उशिरा गेला तर तोटा भरून काढता येतो.

पायरी 7 : जोडावर जाड सुती फडकं गुंडाळा, खाली पत्र्याचा डबा ठेवा. तोंड बाजूला ठेवून जोड हळूच, थोडासा सैल करा. थांबा. फडकं ओलं होऊन पाझर थांबला की मग पूर्ण काढा.

लक्षात ठेवा, दाब गेला म्हणजे पेट्रोल गेलं असं नाही. फिल्टरमध्ये आणि पाईपमध्ये थोडं पेट्रोल राहतंच. ते सांडणार हे धरूनच डबा लावा.

सीएनजी आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी गाडी असेल तर

पायरी 3 करताना गाडी पेट्रोलवरच चालू हवी. सीएनजीवर चालू ठेवली तर इंजिन बंदच पडणार नाही आणि पेट्रोल लाईनचा दाब जसाच्या तसा राहील. म्हणून आधी स्विच पेट्रोलवर, आणि सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद. सीएनजीच्या पाईपला, फिल्टरला किंवा जोडाला पाना लावायचा नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये 200 किलोच्या आसपास दाब असतो. ते काम अधिकृत माणसाचंच.

गाडी सुरूच होत नसेल तर

आपल्या त्या मुलासारखी वेळ आली, म्हणजे गाडी रस्त्यात बंद आणि सुरू होत नाही, तर ही रीत पूर्ण होत नाही. आणि गाडी सुरू होत नाही म्हणजे दाब नाही असंही समजू नका. अशा वेळी रस्त्याच्या कडेला फिल्टर खोलू नका. गाडी ओढून न्या किंवा मेकॅनिक बोलवा. माल दुसऱ्या गाडीत भरायचा असेल तर कंपनीच्या संकलन केंद्रावर फोन करा, त्या मार्गावरच्या दुसऱ्या सभासदाची गाडी मिळते का ते बघता येईल.

नवा फिल्टर बसवताना

फिल्टरवर बाण असतो. तो टाकीकडून इंजिनकडे हवा. तांब्याचे वायसर, रबरी रिंग, क्लिपा नव्याच वापरा. पाईप तडकलेला असेल तर इंजेक्टरच्या गाडीचाच पाईप घ्या. ठिबकची नळी किंवा तार बांधून जुगाड इथे चालत नाही.

सगळं जोडल्यावर सांडलेलं पेट्रोल पुसा, वास जाईपर्यंत थांबा. फ्यूज आणि बॅटरी जोडा, टाकीचं झाकण लावा. आता लगेच सेल्फ मारू नका. चावी फक्त ऑन करा, दोन-तीन सेकंदांनी बंद करा. असं तीन-चार वेळा. पंप दाब भरतो आणि गळती असेल तर ती इंजिन सुरू व्हायच्या आतच दिसते. जोड कोरडा असेल तरच गाडी सुरू करा, आणि सुरू झाल्यावर पुन्हा एकदा बघा. चेक इंजिनचा दिवा लागला आणि पुढेही तसाच राहिला तर गॅरेजला दाखवा.

डिझेल पिकअप आणि ट्रॅक्टर

जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर कमी दाबाच्या बाजूला असतो. बदलल्यावर एअर काढावी लागते, ते बहुतेकांना येतं. पण नव्या कॉमन रेल इंजिनची गोष्ट वेगळी. फिल्टरच्या पुढे इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांत 1000 किलोच्या वर दाब असतो. इंजिन चालू असताना त्या नळीचा नट कधीही सैल करायचा नाही. इंजिन बंद केल्यावरही किती वेळ थांबायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेवढं थांबायचंच.

गळती शोधायला हात फिरवू नका. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. एवढ्या दाबाची बारीक धार मोजा आणि कातडी भेदून आत शिरते. वरून सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं, दुखतही कमी, पण आतमध्ये मांस खराब होत जातं. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि स्पष्ट सांगा, "जास्त दाबाने डिझेल आत गेलंय." उशीर झाला तर बोट जाऊ शकतं.

काही झालंच तर

डोळ्यात पेट्रोल गेलं : चोळू नका. स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेने किमान 15 मिनिटं धुवा, मग डॉक्टर.

कपडे भिजले : चूल, शेगडी, विडीपासून लांब राहा. कपडे काढा, अंग साबणाने धुवा.

तोंडाने नळीतून ओढताना गिळलं : उलटी करायला लावू नका, पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जास्त धोका. थेट दवाखाना. आणि तोंडाने ओढायची सवयच सोडा.

अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 108, इतर संकटात 112.

जुना फिल्टर आणि डब्यातलं पेट्रोल गटारात, विहिरीजवळ किंवा चुलीत टाकू नका. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्या.

शेवटचं

हे सगळं वाचून "आपण कशाला, मेकॅनिकच करेल" असं वाटलं तर तेही योग्यच आहे. मग फक्त एवढं करा : तो क्लिपला हात लावायच्या आधी विचारा, "दाब सोडला का?" आणि फिल्टर मॅन्युअलमधल्या किलोमीटरला, घरी असताना, दिवसा बदलून घ्या. चढावर धक्के बसायची वाट बघू नका. धक्के पंपामुळे किंवा प्लगमुळेही बसतात, म्हणून आधी तपासणी करून घ्या.

हा संदेश मालकापेक्षा गाडी चालवणाऱ्याने वाचायला हवा. घरातला मुलगा, भाचा, ड्रायव्हर, जो कोणी पहाटे माल घेऊन निघतो त्याला वाचून दाखवा. शंका असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज करा. मला उत्तर येत नसेल तर माहीतगार मेकॅनिकला विचारून कळवते.

तुमची,
कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी