पुस्तकापुढे गेलेला विद्यार्थी



एखादा विद्यार्थी पाठ्यपुस्तकाची मर्यादा ओलांडू लागला म्हणजे शिक्षकाने काय करावे, हा प्रश्न आपल्यापुढे वरचेवर उभा राहतो. या प्रश्नाचा विचार करण्यास लिनस टोरवाल्ड्स यांचे उदाहरण उपयोगी पडेल. अँड्रॉइड फोन ज्या ‘लिनक्स’ गाभ्यावर चालतात, तो त्यांनी विद्यार्थिदशेतच रचावयास घेतला होता.

लिनस यांचा जन्म १९६९ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे झाला. त्यांच्या आईचे वडील संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आणलेल्या लहानशा संगणकावर नातू आज्ञावली लिहावयास शिकला. पुढे विद्यापीठात असताना ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांचे १९८७ सालचे पुस्तक त्यांच्या हाती आले. संगणकाचे कामकाज चालविणारी प्रणाली कशी बांधतात हे शिकविण्यासाठी प्राध्यापकांनी ‘मिनिक्स’ ही छोटी प्रणाली मुद्दाम रचली होती आणि तिच्या मूळ संहितेचा मोठा भाग पुस्तकाच्या अखेरीस छापला होता. घड्याळ उघडून आतील चक्रे दाखवावीत, तसा हा पाठ होता.

१९९१ च्या जानेवारीत लिनस यांनी नवा संगणक घेतला. मिनिक्स शिकण्यापुरती लहान राहावी, असा प्राध्यापकांचा आग्रह होता. लिनस यांना अधिक हवे होते. त्यांचा आरंभीचा प्रयोग अगदी साधा होता: दोन कामे आळीपाळीने चालावीत, एकाने पडद्यावर ‘ए’ हे अक्षर उमटवावे, दुसऱ्याने ‘बी’. त्यातूनच प्रणाली वाढत गेली. २५ ऑगस्ट रोजी त्यांनी मिनिक्स वापरणाऱ्यांना आपला हा छंद कळविला व सूचना मागविल्या. सप्टेंबरात सुमारे १०,००० ओळींची अपुरी संहिता त्यांनी खुली केली. १९९२ साली ती अशा परवान्याखाली आणली की, कोणीही ती वाचावी, सुधारावी, वाटावी. मात्र वाटताना सुधारणाही खुल्या ठेवाव्यात. अनेकांचे हात लागले आणि मार्च १९९४ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघाली.

दरम्यान, १९९२ च्या जानेवारीत टॅनेनबाउम यांनी या रचनेस कालबाह्य ठरविले आणि आपल्या वर्गात तिला चांगले गुण मिळाले नसते, असेही सुनावले. लिनस यांनी तिखट उत्तर दिले. लगेच त्या सुराबद्दल क्षमाही मागितली. मत मात्र सोडले नाही. तरीही त्या पुस्तकाचे आपल्या आयुष्यावरील ऋण त्यांनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने मान्य केले.

येथे विचार करण्यासारखे आहे ते हे की, ज्या शिक्षकाने रचना उघडी करून दाखविली, त्याच्याच धड्यातून त्याच्याशी मतभेद असणारा विद्यार्थी घडला. शिक्षकाच्या यशाचे हेही एक लक्षण मानावयास हवे. गुणांच्या तराजूत असे काम नेहमीच नीट तोलले जाते असे नाही.

आपल्या वर्गात पुढील गोष्टी सहज करता येतील:

१. गणिताच्या उत्तराबरोबर रीतही फळ्यावर मांडावी. मुलाने निराळी रीत काढल्यास ती खोडण्यापूर्वी सर्वांनी तपासून पाहावी.

२. अपुरे काम दाखविण्यास मुलांना उत्तेजन द्यावे व त्यास कोणी हसू नये, याची दक्षता घ्यावी.

३. एकाच्या कामात दुसऱ्याने दुरुस्ती सुचविल्यास दोघांचीही नावे वहीत लिहावीत.

यास खर्च काहीच नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलापुढे थोडा वेळ थांबण्याची तयारी मात्र हवी.