आधी वही, मग कार्ड

स्टेशनाबाहेर, मॉलच्या दारात, विमानतळावर, गळ्यात पट्टा अडकवलेली मुलं ‘मॅडम, लाइफटाइम फ्री आहे’ म्हणत मागे येतात. आमच्या घराच्या हिशेबाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे नात्यागोत्यातले सगळे मलाच विचारतात, कुठलं कॅशबॅक कार्ड घेऊ? मी कार्डाचं नाव सांगण्याऐवजी त्यांचा खर्च विचारते. ते बऱ्याच जणांना आवडत नाही.

1. खर्च वाचल्याशिवाय कार्ड बघायचं नाही.

भाच्याला हिंजवडीत नोकरी लागली आणि त्याने 5 टक्क्यांचं कार्ड जवळपास ठरवूनच मला फोन केला. म्हटलं, बाबा, आधी तीन महिन्यांची बँकेची आणि यूपीआयची यादी काढ. निघालं काय? सर्वांत मोठी रक्कम खोलीच्या भाड्याची, ती घरमालकाच्या खात्यात. त्याखालोखाल गावाकडे आईला पाठवलेले पैसे. मग डबा. डबा देणाऱ्या काकूंचा क्यूआर त्यांच्या स्वतःच्या बचत खात्याचा, आणि रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं तरी ते फक्त दुकानदार म्हणून नोंदलेल्या क्यूआरवर चालतं, माणसाच्या खात्यावर नाही. मग पेट्रोल. ‘5 टक्के’ जिथे लागू पडले असते ती ऑनलाइन खरेदी यादीत शेवटी, तीही दिवाळीच्या महिन्यात फुगलेली.

तो म्हणाला, “मावशी, भाडं ॲपवरून कार्डाने भरतो की!” तेव्हा भरता येत होतं (2025 मध्ये बऱ्याच ॲपनी ही सोय बंद केली). पण ॲप आपली फी लावायचं, 2022 पासून बऱ्याच बँकाही भाड्याच्या व्यवहारावर वर 1 टक्का घेऊ लागल्या, आणि त्यावर कॅशबॅक बहुतेक ठिकाणी शून्य.

आमच्या घराचंही फार वेगळं नाही. सोसायटीचा मेंटेनन्स, कामाला येणाऱ्या ताईंचा पगार, भाजी, क्लासची फी. कार्ड कंपनीच्या जाहिरातीतलं कुटुंब सारखं बाहेर जेवतं आणि विमानाने फिरतं. आमचं तसं नाही.

2. मोठा आकडा एका ठिकाणी छापतात, अटी दुसऱ्या ठिकाणी.

मी कार्डाच्या माहितीत आधी ‘कशावर कॅशबॅक नाही’ हा भाग उघडते. इंधन, भाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे आणि ईएमआय बहुतेक यादीत असतात. विमा, वीजबिल, शाळेची फी, दागिने कार्डागणिक बदलतात. ही यादी दरवेळी थोडी लांबतच जाते असं माझं निरीक्षण आहे.

दुसरी गोष्ट कमाल मर्यादा. एसबीआय कार्डाचं ‘कॅशबॅक’ कार्ड सप्टेंबर 2022 मध्ये आलं, ऑनलाइन खरेदीवर 5 टक्के आणि दुकानात 1 टक्का. सुरुवातीला एका बिलचक्रात 10,000 रुपयांपर्यंत कॅशबॅक मिळत असे. 1 मे 2023 पासून ती मर्यादा 5,000 झाली. साध्या घराला 5,000 सुद्धा पुष्कळ, तक्रार करायचं कारण नाही. पण वर्षाच्या आत नियम बदलतो हे लक्षात ठेवावं. आज वाचलेली अट पुढच्या दिवाळीत तशीच असेल असं धरून चालू नये. एखाद्याच्या ब्लॉगवर दोन वर्षांपूर्वी लिहिलेली तुलना तर रद्दीच समजावी.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तुम्ही पिशवीत काय भरलं हे बँकेला दिसत नाही. तिला दिसतो दुकानाचा चार आकडी कोड. किराणा-सुपरमार्केटचा 5411, हॉटेलचा 5812, भाड्याचा 6513. पेट्रोलपंपावरच्या दुकानात बिस्किटं घेतली आणि मशीन पंपाच्या नावावर असलं, तर बँकेच्या लेखी ते इंधनच. कॅशबॅक का आला नाही म्हणून कस्टमर केअरशी भांडणाऱ्या निम्म्या लोकांचं भांडण मुळात या कोडशी असतं.

3. फी रुपयांत मोजायची.

वरच्याच एसबीआय ‘कॅशबॅक’ कार्डाची वार्षिक फी 999 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की झाले 1,179. समजा तुमच्याकडे आधीच सगळीकडे 1 टक्का देणारं, बिनफीचं कार्ड आहे. मग नव्या कार्डाचा जास्तीचा फायदा 4 टक्क्यांचाच, आणि नुसती फी वसूल व्हायला वर्षाला साधारण साडेएकोणतीस हजारांची ऑनलाइन खरेदी हवी. त्याच्या पुढे खरी कमाई सुरू.

ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड 2018 मध्ये आलं ते वार्षिक फीविना. ॲमेझॉनवर प्राइम सदस्याला 5 टक्के, इतरांना 3. मग कुणीतरी म्हणतं, प्राइम घेऊन टाकू. प्राइमचे 1,499 रुपये केवळ त्या वाढीव 2 टक्क्यांसाठी भरायचे, तर एका वर्षात जवळजवळ 75 हजारांची खरेदी तिथेच व्हायला हवी. सिनेमे बघण्यासाठी घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

दोन लाख खर्च केले की फी माफ, ही अट मात्र मला सगळ्यांत धूर्त वाटते. वर्ष संपताना बारा-चौदा हजार कमी पडतात आणि मग घरात चर्चा सुरू होते, नाहीतरी मिक्सर जुना झालाच आहे.

4. कॅशबॅक नेमका कशात येतो ते विचारावं. काही कार्डांवर तो सरळ बिलातून वजा होतो, हे उत्तम. काहींवर त्या कंपनीच्याच वॉलेटमध्ये पडतो, म्हणजे पुढची खरेदी तिथेच. काहींवर पॉइंट मिळतात, एका पॉइंटला पंचवीस पैसे असला भाव, आणि ते वळते करायलाही फी.

5. जांभळी नाक्यावर अजून तोंडाने भाव ठरतो.

ठाण्याच्या या बाजारात मी भांडं-उपकरण घेताना आधी भाव ठरवते आणि मग विचारते, “रोख दिले तर काय कराल?” दुकानदार बहुधा दीड-दोन टक्के सोडतो. कारण साधं आहे. कार्ड घासलं की त्याच्या पैशांतून बँक आणि कार्ड नेटवर्क आपला वाटा कापतात, आणि तुमच्या-माझ्या कॅशबॅकचा बराचसा भाग तिथूनच येतो. जानेवारी 2020 पासून साध्या यूपीआयवर त्याला असं काही द्यावं लागत नाही, त्यामुळे यूपीआय म्हटलं तरी त्याचा चेहरा खुलतो. 1 टक्का कॅशबॅकसाठी कार्ड पुढे करून 2 टक्क्यांची सूट घालवायची, हा व्यवहार मला पटत नाही.

सोनाराकडे तर हा प्रश्न विचारायलाच हवा. तिथे दोन टक्के म्हणजे हजारांत जातात. (पक्की पावती मात्र सोडायची नाही. पावतीशिवायची सूट ही सूट नव्हे.)

महागडी वस्तू असेल, परत करायची वेळ येऊ शकेल किंवा विक्रेता अनोळखी असेल, तर मी कार्डच वापरते. व्यवहारावर बँकेकडे तक्रार नोंदवता येते, ही सोय मला कॅशबॅकपेक्षा मोलाची वाटते.

6. व्याजाचा एक महिना वर्षाचा कॅशबॅक खाऊ शकतो.

कित्येक कार्डांवर थकबाकीला दरमहा 3.75 टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाचे 45 टक्के. 20,000 रुपये एक महिना मागे राहिले तर व्याज 750, त्यावर जीएसटी 135, एकूण 885. तेवढा कॅशबॅक 1 टक्क्याने मिळवायला 88,500 रुपये खर्च करावे लागतील. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागायला सुरुवात होते. ते बिनव्याजी पंचेचाळीस-पन्नास दिवस वगैरे सगळं संपतं. ‘मिनिमम ड्यू’ ठळक छापलेला असतो, तेवढाच भरून निश्चिंत होणारे शिकलेसवरलेले लोक मी पाहिले आहेत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये या व्याजाला 30 टक्क्यांची वेसण घातली होती. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा कुणी वाचवायला येईल या भरवशावर राहू नये. ज्याला दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमत नाही, त्याने कॅशबॅकची तुलना करण्यात वेळच घालवू नये.

7. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये कॉस्ट असते. 36,000 चा फ्रिज नऊ हप्त्यांत घेतला आणि त्यातलं व्याज 2,200 धरलं, तर तेवढी रक्कम सूट म्हणून आधी वजा करतात. पण त्या व्याजावरचा जीएसटी, 396 रुपये, तुम्हीच भरता. प्रोसेसिंग फी 199 असेल तर करासह आणखी 235. वर बहुतेक कार्डांवर या खरेदीला कॅशबॅक नाही. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बोट ठेवलं होतं. नाव बदलून त्या आल्याच.

8. परदेशी वेबसाइटवर साधं कार्ड वापरलं तर साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के. बदल्यात 1 टक्का कॅशबॅक.

9. कार्डाने माणूस सैल होतो.

अमेरिकेत प्रेलेक आणि सिमेस्टर या दोघांनी बास्केटबॉलच्या तिकिटांचा लिलाव करून हे पाहिलं. 2001 मध्ये त्यांचा निबंध आला. कार्डाने पैसे द्यायचे असं सांगितलेल्या गटाने, रोख देणाऱ्या गटाच्या मानाने जवळपास दुप्पट बोली लावली. दुप्पट! इथे 5 टक्क्यांचा काय पाड लागणार? म्हणून खरेदीच्या साइटवर मी कार्ड जतन करत नाही. ऑक्टोबर 2022 पासून साइट नंबराऐवजी टोकन ठेवतात, ते सुरक्षित आहे. मला सुरक्षिततेची काळजी नाहीच. दरवेळी उठून, पर्स शोधून, सोळा आकडे टाकायचा कंटाळा यावा एवढ्याचसाठी. वस्तू खरंच हवी असेल तर मी उठते.

10. नको असलेलं कार्ड वेळेत बंद करावं.

फीची तारीख यायच्या महिनाभर आधी मी वहीत वर्षाचा कॅशबॅक आणि फी शेजारी शेजारी लिहिते. जमत नसेल तर बंद करण्याची विनंती करते. बहुधा लगेच फोन येतो आणि फी माफ होते. मग ठेवायला हरकत नाही. माफ झाली नाही तर बंद. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे थकबाकी नसेल तर विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाहीतर कंपनीने तुम्हाला रोज 500 रुपये द्यायचे. त्यासाठी विनंती ईमेलने करावी, म्हणजे तारीख लेखी राहते. साठलेला कॅशबॅक त्याआधी वळता करून घ्यावा. आणि दोनांतलं एक बंद करायचं झालं तर शक्यतो नवं करावं. जुन्या कार्डाची वर्षं सिबिलच्या अहवालात उपयोगी पडतात.