शेंडा कोणी खाल्ला?

कर्जत रेल्वे स्थानकाजवळचे भिसेगाव आता निव्वळ खेडे राहिलेले नाही. भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि आसपासच्या डोंगरपायथ्यापर्यंत बंगले व फळबागा पोहोचल्या. एकीकडे माथेरानचा डोंगर, दुसरीकडे १९८५ साली घोषित झालेले भीमाशंकरचे अभयारण्य. या रानांत भेकर नावाचे लहानसे हरिण राहते. संकटाची चाहूल लागताच ते कुत्र्यासारखे भुंकते. घरे रानाला भिडली, तसा परसातील कोवळा पालाही त्याच्या तोंडाशी आला.

समजा, पावसाळ्यात लावलेल्या आंब्याच्या कलमाचा शेंडा एके सकाळी नाहीसा झालेला दिसला. घरधनी रागावतो आणि शेजाऱ्याच्या शेळीला बोल लावतो. परंतु न्याय करण्यापूर्वी पुरावा पाहावयास हवा.

प्रथम तुटलेली डहाळी पाहावी. सशाला वर आणि खाली पुढचे दात असतात. म्हणून त्याने कुरतडलेली डहाळी सुरीने कापल्यासारखी तिरपी व स्वच्छ दिसते. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तेथे कठीण हिरडी असते. ते पाला धरून ओढून तोडते. त्यामुळे देठाला चिंध्या राहतात. पण शेळीच्या तोंडाची रचनाही अशीच! तेव्हा एवढ्यावरून निकाल देता येत नाही. मग जमीन पाहावी. भेकराच्या खुराचा ठसा शेळीच्या ठशाहून लहान व टोकदार असतो. शिवाय शेळ्या रात्री बांधलेल्या असतात. भेकर मात्र बहुधा तिन्हीसांजेस, रात्री वा पहाटे चरावयास निघते. माती उकरून मुळे उपसलेली असतील, तर रानडुकराचा संशय घ्यावा; फांद्या मोडून अर्धी खाल्लेली फळे खाली टाकलेली असतील, तर वानरांचा.

हानी किती झाली, हेही पाहावे लागते. पाने गेली तर नवी फुटतात. खोडाची साल सभोवार सोलली गेली, तर पानांत तयार झालेले अन्न मुळांस पोहोचत नाही व झाड वाळते. कलमाचे आणखी एक आहे. जोडाच्या वरचा शेंडा गेला, तर नुकसान थोडे. जोडाखालून तुटले, तर पुढे फुटतो तो रायवळ खुंट, हापूस नव्हे.

फासा लावणे किंवा तारेत घरातील वीज सोडणे हे उपाय नव्हेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भेकराची शिकार हा गुन्हा आहे. आणि तशा तारेला चिकटून माणसेही मरतात. फळझाडांची किंवा पिकांची हानी वन्य प्राण्याने केली असल्यास वन विभागाकडे विनाविलंब अर्ज करावा; पंचनाम्याच्या वेळी ते खुरांचे ठसे उपयोगी पडतात. उग्र वासाची फवारणी कर्जतच्या पावसात एका सरीने धुऊन जाते. त्यापेक्षा रोपाभोवती बांबूचा कूड बरा. मात्र खाली फट राहू देऊ नये. अमेरिकेतील उपनगरांत पांढऱ्या शेपटीची हरणे बागा फस्त करतात, आणि ती उंच उडी घेत असल्यामुळे तेथे आठ फुटी कुंपण घालावे लागते. भेकर खांद्यापाशी सुमारे दोन फूट उंच. त्याच्यासाठी एवढा खटाटोप नको. कलम माणसाच्या उंचीचे झाले की कूड काढता येतो, कारण शेंडा भेकराच्या तोंडापलीकडे गेलेला असतो. वानरांची गोष्ट मात्र निराळी.